तुळशीच्या कुंडीतली माती

दोन हजार चार साली प्रतिभा नावाच्या चित्रकलेच्या बाईंनी भिमाजीने रंगवलेल्या शेतांच्या फोटोंचं नाशकात प्रदर्शन भरवलं, आणि पंचवटीतला आमचा भिमाजी एकदम कलावंत झाला. लोक विचारत, शेतं रंगवायची कल्पना सुचली कशी? तो नुसता हसे. सांगतो मी. आधी त्याने माती खाल्ली होती.

भिमाजी काळापांढरा फोटो काढायचा आणि काडीला कापूस गुंडाळून, बारीक ब्रशने त्यावर रंग चढवायचा. शेजारी माझं फ्रेमचं दुकान. शहरात रंगीत फोटो तासाभरात मिळायला लागले तसा तो माशा मारत बसला. मी म्हणायचो, "आता तरी रंगीत रोल घाल." तो म्हणायचा, "मशीन रंग देतं, पण कुणाला विचारत नाही."

तो मात्र विचारायचा. फोटो काढला की गिऱ्हाइकाला विचारून पाकिटावर पेन्सिलीने लिहायचा : लुगडं हिरवं, काठ लाल, फेटा गुलाबी. त्याशिवाय ब्रश उचलायचा नाही.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात मखमलाबादच्या गोजराबाई आल्या. मुलांनी राजीखुशीने शेत प्लॉट पाडायला दिलं होतं, घर फ्लॅटमध्ये गेलं होतं. "माणसांचे फोटो लय झाले," त्या म्हणाल्या, "आता वावराचा काढा. भिंतीवर डोळ्यापुढं राहील."

भिमाजी सायकलवरून गेला. शेवटच्या पिकाला, झेंडूला, नुकतंच पाणी दिलेलं, मागे विहीर. फोटो झकास आला. पण पाकिटावर त्याने एक अक्षर लिहिलं नाही. शेताला काय विचारायचं? फूल नारिंगी, पान हिरवं, माती काळी.

पंधरा दिवसांनी बाई आल्या. मी फ्रेम चढवून ठेवली होती आणि स्वतःवरच खूश होतो. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि खाली ठेवला.

"दादा, हे माझं वावर नाय."

विहिरीच्या अंगाला त्यांची माती तांबूस होती. विहीर खोदली तेव्हा निघालेला मुरूम नवरा-बायकोने तिथेच पसरला होता. "पाट्या पाट्या वाहिलाय या डोक्यावरून," त्या म्हणाल्या. "तुम्ही समदं काळं करून टाकलं."

भिमाजीने तडक सायकल काढली. मी मागे कॅरिअरवर बसलो. जाऊन बघतो तर विहीर बुजवलेली, वर कुठून तरी आणलेली भर पसरून सगळं सपाट. येताना मनातून मला त्याचा भयंकर राग आला होता. लुगड्याचे काठ दहादा विचारणारा माणूस, आणि मातीचा रंग एकदा विचारता आला नाही.

बाई दुकानातच बसून होत्या.

"मावशी, चूक माझी," भिमाजी म्हणाला. "तो रंग आता तिथं नाही, आणि अंदाजाने मी लावणार नाही."

बाई उठून गेल्या. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिक्षातून उतरल्या, तुळशीची कुंडी पोटाशी धरून. "फ्लॅटवर जाताना भरून घेतली व्हती," म्हणाल्या. "विहिरीपासलीच माती हाय."

भिमाजीने नवीन प्रिंट काढली. कुंडीतली चिमूटभर माती बशीत घेऊन ओली केली, कारण फोटोतले वाफे ओले होते. मग दुपारभर रंग मिसळत आणि बशीशी ताडून बघत बसला. बाई समोर स्टुलावर. "आजून तांबडं," त्या म्हणायच्या. मी गिऱ्हाइकं परत पाठवली.

शेवटी त्याने फोटो पुढे सरकवला. बाईंनी विहिरीजवळ बोट टेकवलं.

"हितं पहिली पाटी टाकली म्या. हे आमचे मालक नको म्हणत व्हते, तरी टाकली."

बाई हसत होत्या, डोळेही पुसत होत्या. भिमाजीने ड्रॉवरमधून ते कोरं पाकीट काढलं, पेन्सिलीला टोक केलं आणि खाली मान घालून विचारलं,

"कुठं म्हणालात, मावशी?"