पंचमीच्या फेराचा विडा

आमच्या भागात श्रावणात कुठे काय होणार हे पुरुषांना बाजारातल्या दवंडीवरून कळायचं आणि बायकांना कासारणीकडून. ती शिरूरहून बांगड्यांच्या माळा पाठीला बांधून निघायची आणि गावोगाव हात भरत जायची. मनगट दाबताना समोरचीला दुखू नये म्हणून ती सारखी बोलत राहायची, आणि त्या बोलण्यात सगळा पुढचा महिना असायचा. कुठे महादेवाची जत्रा, कुठे सप्ताह, कुठल्या गावाने भारुडवाल्यांना सुपारी दिली, पंचमीचा फेर कुठल्या गावाचा कुठल्या गावाशी.

एरवी श्रावणात मी गावी नसायची. आई गेल्यावर मामांनी मला हैदराबादेला नेलं होतं आणि मिशनच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. त्या वर्षी तिथे प्लेग सुरू झाला, शाळा बंद झाली, आणि मला जालन्यापर्यंत रेल्वेने आणि पुढे बैलगाडीने घरी आणून सोडलं. शाळा पोळा झाल्यावर उघडणार असं मामांनी कळवलं होतं. माझं शेवटचं वर्ष राहिलं होतं. ते झालं की तिथेच लहान मुलींना शिकवायला मिळणार होतं. मला आयुष्यात एवढी एकच गोष्ट हवी होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती.

वडील मला परत पाठवायला राजी होते. आत्या नव्हती. आईच्या मागे घर आत्याच चालवायची आणि वडील तिच्या शब्दाबाहेर जात नसत. मी दाराआड आहे हे ठाऊक असूनही ती म्हणायची, "पोरगी गुणाची हाय, पन हिला आता ना आपलं धड येतंय, ना त्यांचं. गावातल्या बाया इचारत्यात, ही मुकी हाय का म्हनून. परत कावून धाडायची? स्थळं बघा."

वडील गप्प बसायचे. गप्प बसणं मी त्यांच्याकडूनच घेतलं असावं.

मुकी मी नव्हते. चार माणसांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की माझा घसा आतून कुणीतरी मुठीत धरल्यासारखा व्हायचा. शाळेत बक्षीस समारंभाला मला एक कविता म्हणायला उभं केलं होतं. पहिली ओळ आली, दुसरी आली नाही. बाईंनी मागून ती तीनदा सांगितली आणि मी तिथेच उभी राहिले, शेवटी कुणीतरी हाताला धरून खाली नेलं. तेव्हापासून टाळ्यांचा आवाज आला तरी माझे पाय गार पडायचे.

कासारीण आमच्याकडे आली त्या दिवशी अंगणात पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. मी खांबाला टेकून बसले होते. कासारीण एकीचा हात दाबत होती आणि सांगत होती, "पंचमीला तुमचा फेर वढ्यापल्याडच्या गावाशी. मंग दुसऱ्या सोमवारी म्हादेवाची जत्रा, तितं शिरूरच्या बाया येनार. सिरसाळ्याकडचे भारुडवाले पन येत्यात म्हनं. पोळ्याच्या करीला खालच्या वस्तीवर फेर. आन् गौरीला आष्टीकडच्या गावाचं आवतन हाय."

तेवढ्यात आत्याने पितळी ताट आणून मधोमध ठेवलं. ताटात कुंकू लावलेला एकच विडा होता. बोलणं एकदम थांबलं. जी ती दुसरीकडे बघू लागली. कुणी पदर सारखा केला, कुणी लेकराचं नाक पुसलं. ताट सरकत सरकत माझ्यासमोर आलं.

शाळेत आम्हाला शिकवलं होतं की समोर आलेलं ताट तसंच परत जाऊ देणं म्हणजे यजमानाचा अपमान. मला वाटलं, मी पाहुणी, म्हणून माझ्यासाठी सगळ्या थांबल्या आहेत. सगळ्यांचे डोळे माझ्यावरून जावेत म्हणून मी पटकन विडा उचलला.

कासारणीच्या हातातली बांगडी अर्ध्या मनगटावर थांबली.

"उचलला की गं," कुणीतरी म्हणालं.

"मुकीनं उचलला," दुसरी म्हणाली, आणि अंगणभर हसू पसरलं.

मी विडा परत ताटात ठेवायला हात पुढे केला तर आत्याने ताटच उचलून घेतलं. फेराचा विडा खाली ठेवत नाहीत. जी उचलते ती त्या वर्षी गावाचा फेर चालवते, समोरच्या गावाच्या बायका गाण्यातून सवाल टाकतात त्यांना गाण्यातूनच जवाब देते. आधी हे एक म्हातारी करायची. ती उन्हाळ्यात गेली होती, आणि तिच्या जागी उभं राहायची कुणाची छाती होत नव्हती.

आत्याने ताट काखेत धरलं. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "बरं झालं. फेर राखलास तर जा तुझ्या साळंला, मी आडवी येनार न्हाई. न्हाई राखलास तर परत तिकडचं नाव काढायचं न्हाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

विडा मी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखाली ठेवला. त्या रात्री मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे वहिनीने मला चुलीपाशी बोलावलं. माझ्या भावाची बायको, माझ्याहून फार मोठी नव्हती. घरात सगळ्यात चांगला गळा तिचा, जात्यावर बसली की शेजारच्या घरातलं जातं थांबायचं. तरी तिने कधी विडा उचलला नव्हता, कारण पंचमीला ती माहेरी जायची आणि तिचं माहेर म्हणजे ओढ्यापल्याडचं तेच गाव. पलीकडचा फेर तीच चालवायची; तिकडे विड्याची रीत नव्हती.

"वन्सं, बसा हितं," ती म्हणाली. "मुराळी यायच्या आत जमंल तेवढं शिकवते. भाकरी थापायच्या ठेक्यावर म्हना. तोंडाकडं न्हाई, हाताकडं बघा."

मी हाताकडे बघून म्हणू लागले. भाकरी फिरायची तसा शब्द फिरायचा. पहिल्या ओळीत समोरचीचे शब्द तिलाच परत द्यायचे, तेवढ्यात दुसरी ओळ जुळवायची. रिंगणाचा एक वेढा पुरा व्हायच्या आत जवाब गेला पाहिजे, नाहीतर गाव हरलं. वहिनी सवाल टाकायची, मी अडायची, ती पीठ लागलेल्या हाताने माझ्या गुडघ्यावर चापट द्यायची.

"वहिनी, तुम्ही सोपे सवाल टाकाल ना?" मी एकदा विचारलं.

तिने भाकरी तव्यावर टाकली. "वढ्याच्या अल्याड मी तुमची. पल्याड गेले की त्यांची. सोडनार न्हाई तुमाला, आत्ताच सांगते."

मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, तिने ते सांगितलं जे मला कुणीच सांगितलं नव्हतं. फेर राखला की सगळ्यांसमोर तो विडा खायचा असतो. खाल्ला की तो सगळ्या हंगामाचा झाला. मग सोमवारची जत्रा, पोळ्याची कर, गौरीला आष्टीकडचं गाव, सगळीकडे विडा खाणारीलाच जावं लागतं.

"गौरी तर पोळ्यानंतर," मी म्हणाले.

"व्हय."

"तोवर शाळा उघडलेली असेल. उशिरा आलेल्या मुलीची जागा ठेवत नाहीत."

"व्हय," ती पुन्हा म्हणाली.

"खाल्लाच नाही तर?"

"राखून न खानं म्हंजी गावाच्या तोंडावर थुकनं. तुमच्या वडलांना पारावर बसू द्यायचे न्हाईत."

हरले तर जायचं नाही, जिंकले तरी जायचं नाही. माठाखालचा विडा मी रोज उघडून बघायची. पानाच्या कडा काळ्या पडत चालल्या होत्या. वहिनीचा भाऊ मुराळी म्हणून तिला न्यायला आला. डोक्यावर पदर घेऊन ती भावामागून ओढ्याकडे गेली.

पंचमीच्या दुपारी वारुळाची पूजा झाली आणि सगळ्या ओढ्यावर गेलो. ओढ्याला घोटाभर पाणी होतं. आमच्या काठावर मोठा लिंब होता, त्याला झोका बांधलेला. जे गाव जिंकेल त्याच्या लेकीसुना त्यावर आधी बसणार. लांब बांधावर पोलीस पाटील बसला होता. कुठेही माणसं जमली तर खबर द्या असा अमिनाचा, म्हणजे ठाण्याच्या फौजदाराचा, हुकूम होता, मग त्या बायका का असेनात. एरवी मी त्याला घाबरले असते. त्या दिवशी त्याच्यापर्यंत माझी भीती पोचलीच नाही.

मला लिंबाखाली उभं केलं. विडा डाव्या मुठीत होता. पान घामाने ओलं झालं होतं. पलीकडच्या काठावर बायकांचं रिंगण लागलं, आणि मध्ये वहिनी उभी होती. हिरव्या लुगड्यातली, घरात कधी दिसत नाही तशी ताठ.

पहिला सवाल तिने आमच्या गावाच्या विहिरीवरून टाकला. माझ्याभोवती रिंगण फिरू लागलं. मी बायकांच्या तोंडाकडे बघितलं. अर्धा वेढा झाला. मागून आत्याचा श्वास ऐकू येत होता. मग मी माझ्याच हाताकडे बघितलं, भाकरी थापत असल्यासारखा तो हलवला, आणि जवाब आला. बारीक आला, पण आला. दुसरा सवाल कुणाच्या तरी दिराच्या मिशांवर होता. त्याच्या जवाबाला आमच्या बायका इतक्या हसल्या की रिंगण मोडायला आलं. मला हसू आलं नाही. मला फक्त पुढचा सवाल दिसत होता.

तिसरा आला तो माझ्यावरच.

"लिंबाच्या खाली उभी, कोन गं ही नवी बाई,
डोळ्यानं बोलती, हिच्या तोंडात जीभ न्हाई."

पलीकडच्या काठावर टाळ्या वाजल्या. माझे पाय गार पडले. शाळेतला तो मंच, मागून सांगणाऱ्या बाई, सगळं समोर आलं. रिंगण फिरत होतं. कुणीतरी हळूच "अगं बोल की" म्हणालं. मी हाताकडे बघितलं, तो हलेना. मी वर बघितलं. ओढ्यापलीकडून वहिनी माझ्याकडे बघत होती, टक लावून, एका हाताने दुसऱ्या हाताचं पीठ झटकल्यासारखं करत. हातावर पीठ नव्हतं. ती घाबरलेली होती.

ती माझ्यासाठी घाबरली आहे हे कळल्यावर मला तोंड उघडता आलं.

"लिंबाच्या खाली उभी, तुझी मी ननंद बाई,
तुझ्याच चुलीम्होरं शिकले, तुला ठावं कसं न्हाई?"

मग पलीकडच्या बायका वहिनीकडे वळल्या. "अगं, तूच शिकवलंस व्हय गं घरभेदे?" एक म्हातारी तिला म्हणाली, आणि तिचं रिंगण हसण्याने थांबलं. थांबलेलं रिंगण म्हणजे हरलेलं रिंगण. त्यांचा पुढचा सवाल आलाच नाही.

आमच्या बायकांनी मला उचलल्यासारखं केलं. कुणी कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. मग सगळ्या एकदम म्हणू लागल्या, "विडा खा. खा गं."

मी मूठ उघडली. पान चोळामोळा होऊन काळं पडलं होतं, सुपारी बाहेर आली होती. आत्या समोर उभी होती. मी विडा तोंडाजवळ नेला, आणि मला पोळ्याची कर दिसली, गौरी दिसल्या, आष्टीच्या वाटेवरची गाडी दिसली, आणि शाळेच्या बाकावर माझ्या जागी बसलेली दुसरीच कुणीतरी मुलगी दिसली. हात तिथेच थांबला.

"खाईना का?" कुणीतरी कुजबुजलं. हसू ओसरत चाललं.

पाण्यात पाय पडल्याचा आवाज आला. वहिनी लुगडं घोट्यावर धरून ओढा ओलांडत होती. ती सरळ आमच्या काठावर आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्या हातातला विडा घेऊन तोंडात टाकला.

काठावरच्या बायका जवळ सरकल्या.

"ह्यो कुठला रिवाज?" आत्या म्हणाली.

वहिनीने आधी विडा नीट चावला. "आत्याबाई, फेर झाला. मी वढा वलांडला. आता मी कुन्या गावची?"

"आपल्या," आत्याला म्हणावं लागलं.

"मंग विडा आपल्याच गावात हाय. सोमवारच्या जत्रंला काय माझं म्हायेर येत न्हाई. गौरीला बी न्हाई." तिने पदराने ओठ पुसला. ओठ लाल झाला होता. "इतकी वर्सं ताट म्होरून जातंय माझ्या. एकदा बी हात लावता आला न्हाई."

आत्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ती नाही म्हणणार. शेवटी ती झोक्याकडे वळली आणि म्हणाली, "बसा एकेक. दोर नवा हाय, धरून बसा."

एवढंच. शाळेचं नाव तिने नंतर कधी काढलं नाही, आणि शब्दही मोडला नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, माझी गाडी निघाली. वहिनी खालच्या वस्तीवरच्या फेराला चालली होती, सात-आठ बायका तिच्या मागे होत्या. वेशीपर्यंत आमची वाट एकच होती. ती गाडीच्या बाजूने चालत होती आणि मनात शब्द जुळवत होती, ओठ हलत होते. वेशीपाशी तिने मला विचारलं, "तिकडं मान्सं मरायची थांबली का, वन्सं?"

"थांबली म्हणतात."

"भ्या वाटतंय?"

"वाटतंय," मी म्हणाले.

ती मान हलवून खालच्या वाटेला लागली. पुढच्या गावाच्या वेशीवर कासारीण भेटली. गाडीवान तिला ओळखत होता, त्याने बैल थांबवले. तिच्याभोवती बायका जमल्या होत्या आणि ती एकीचा हात दाबत सांगत होती, "गौरीला आष्टीकडं मोठा फेर हाय. औंदा विडा वढ्याकाठच्या सुनेनं खाल्लाय. लई गळा हाय तिला, ऐकायला या." मी गाडीत बसून होते. तिने मला बघितलं, पण त्या बायकांना काही सांगितलं नाही. बैल पुढे निघाले. जालना अजून लांब होतं, आणि रेल्वेची शिट्टी ऐकू येईपर्यंत माझ्या हाताचे तळवे कोरडे झाले नाहीत.