सॅकमधलं मेणकापड

पिंपरीत नातवासाठी सॅक घेताना शेजारच्या दुकानातून मेणकापडाचा वास आला आणि चाकणच्या कंपनीतले आम्ही ट्रेकला निघालो ती सकाळ आठवली. नव्या पोरांना सामान कसं भरायचं ते दाखवायला मी माझी सॅक सगळ्यांसमोर उघडत असे, म्हणून माझं मेणकापड मी मशिनवरच्या जोडीदाराच्या सॅकमध्ये ठेवायला दिलं होतं. ऑपरेशननंतर झोपेत माझं अंथरूण ओलं व्हायचं, हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. तळेगाव स्टेशनबाहेर चिवडा शोधताना एकाने ते जोडीदाराच्या सॅकमधून ओढून बाहेर काढलं. "हे कशाला, राव?" ट्रेकचा म्होरक्या मी, म्हणून सगळे माझ्याकडे बघू लागले. मी जोडीदाराकडे बोट दाखवून म्हणालो, "भाऊ अजून गादी भिजवतात." हशा पिकला. जोडीदाराने माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाला, "व्हय, माझंच हाय." तेव्हापासून कंपनीत सगळे त्याला तान्ह्या म्हणू लागले. मीही म्हणायचो, त्याच्या निरोपसमारंभातसुद्धा म्हणालो. गेल्या महिन्यात त्याच्या दहाव्याला घाटावर कुणीतरी म्हणालं, "गेला आपला तान्ह्या," आणि दोघंतिघं हसले. त्याच्या मुलाने मान खाली घातली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खरं मात्र तेव्हाही सांगितलं नाही.