चकलीचा आवाज

नंदाने चकली कानाजवळ धरली आणि मोडली. आम्ही चौघी कढईभोवती कान देऊन उभ्या होतो.

नंदा आमची मैत्रीण. तिच्या डायलिसिसच्या खर्चाला हातभार म्हणून आम्ही चकल्या करून विकायच्या ठरवल्या होत्या. तिला मीठ वर्ज्य, म्हणजे चाखणं बंद. "तू नुसती बस गं," असं मऊ आवाजात सांगून आम्हीच तिला खुर्चीत बसवलं होतं. वर्षभर आम्ही तिच्याशी याच आवाजात बोलत होतो.

"कडक झाली. मोहन कमी पडलंय," ती म्हणाली. "हा घाणा विकायचा नाही."

"अगं, तुझ्यासाठी म्हणून घेतील की लोक," मी म्हटलं.

"म्हणूनच. माझ्या नावावर असल्या चकल्या खपवू नका."

किती दिवसांनी तिची बोलणी खाल्ली. आजारी माणसाला आपण फळं देतो, पैसे जमवतो, आणि त्याचा रागवायचा हक्क मात्र नकळत काढून घेतो. मला उगाचच हसू आलं.

गरम तेल घालून पीठ पुन्हा मळलं. नवी चकली तिच्या कानाशी खुसखुशीत मोडली. तिने अर्धी माझ्या हातात दिली.

"खा आता. आणि मला ऐकू येईल अशी खा."