भोंगेवाल्याचा जोडीदार

चामोर्शीपासून आलापल्लीपर्यंत हरिदास निमगडेला चेहऱ्यानं ओळखणारे थोडे आणि आवाजानं ओळखणारे सगळे. मोटारसायकलच्या मागे लोखंडी पट्टीवर बसवलेला भोंगा, बाजूच्या पेटीत मशीन आणि बॅटरी, गळ्यात दोरीनं अडकवलेला माईक, एवढा बारदाना घेऊन हा माणूस गावोगाव फिरतो. दिवाळी आटोपली की नाटकांची मुनादी, म्हणजे दवंडी. दिवसा बैलांच्या शर्यतीचा शंकरपट आणि रात्री नाटक, हे झाडीपट्टीत ठरलेलंच असतं, पण ते कुठल्या गावाला आहे हे सांगायला हरिदास लागतो. नाटकांचा हंगाम सरला की मग पोलिओचा डोस, नळाचं पाणी, कुणाची हरवलेली म्हैस. अलीकडे सगळ्यात जास्त काम वाघाचं. वाघ दिसला आहे, जंगलात एकट्यानं जाऊ नका, असं तो गावाला कळकळीनं बजावतो आणि त्याच जंगलातून एकटाच पुढच्या गावी जातो. त्याला कोण बजावणार?

त्याचा भोंगा मागच्या बाजूला तोंड करून असतो. नवख्या माणसाला ते उलटं वाटतं, पण त्यात हिशेब आहे. बाईमाणूस हातातलं काम टाकून दारात येईपर्यंत गाडी घरासमोरून निघून गेलेली असते, म्हणून आवाज मागे सोडत जायचा. याचा एक तोटा असा की ऐकणारी माणसं हरिदासला कधी नीट दिसतच नाहीत. आरशात इवलीशी दिसतात आणि वळणावर नाहीशी होतात. मुनादीला उलट उत्तरही कोणी देत नाही. दिवसभर अख्ख्या मुलखाशी बोलून संध्याकाळी हा माणूस घराचं कुलूप काढतो, तेव्हा त्याच्याशी दिवसात कोणी शब्द बोललेलं नसतं.

कुलूप लागायला लागलं ते सीता पुण्याला गेली तेव्हापासून. सीता म्हणजे त्याची बायको. मुलीचं, रिनाचं बाळंतपण करायला म्हणून ती गेली. महिनाभरात येते म्हणाली होती. रिनाची नोकरी, जावयाची कामाची पाळी बदलत राहणारी, बाळाकडे बघायला कोणी नाही, आणि बाळ आता दुडुदुडु पळू लागलं तरी सीताबाईंचा पाय तिकडून निघेना. भांडण नाही, तंटा नाही. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं.

सीता नव्हती म्हणून भाकरी अडली नाही. ती तो शिकला. अडलं ते भोंग्याचं. भोंगा नुसता मोठा वाजून भागत नाही, शब्द न् शब्द सुटा ऐकू यावा लागतो, नाहीतर गावाला नाटकाचं नाव कळतं आणि जागा कळत नाही. त्यासाठी दोन माणसं लागतात. हरिदास गाडीपाशी उभा राहून बोलायचा आणि सीता धानाच्या बांध्या ओलांडून पार पलीकडच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर जाऊन उभी राहायची. स्पष्ट ऐकू आलं की ती हात वर करायची. हात वर झाला नाही की हरिदास मशीनची बटणं फिरवून पुन्हा बोलायचा. लग्नानंतरची कितीतरी वर्षं ही दोघं अशीच एकमेकांकडे बघत शेताच्या दोन टोकांना उभी राहिली. सीता जायच्या आधीच्या हंगामात एटापल्लीकडच्या एका गावात दसरू नावाच्या म्हाताऱ्यानं त्याला अडवून सांगितलं होतं, की भाऊ, तुझा भोंगा फाटते, काही समजत नाई. हरिदास त्याच्यावर उखडला होता. माझ्या बायकोनं कान देऊन तपासलेला भोंगा आहे, तू आपले कान दाखवून घे, असं त्यानं त्या भल्या माणसाला तोंडावर सुनावलं होतं.

आता तो एकटाच सेटिंग करायचा. मोबाईलमध्ये आपला आवाज भरायचा, तो भोंग्यावर लावून द्यायचा, आणि गाडी तशीच बोलत ठेवून आपण धुऱ्याधुऱ्यानं चालत लांब जायचं. तिकडे उभं राहून वळून बघितलं की रिकामी गाडी त्याच्या आवाजात त्याच्याच अंगावर ओरडत असायची. पहिल्यांदा हे केलं त्या दिवशी त्याला रडू आलं होतं. इथं कोण बघणार म्हणून त्यानं ते आवरलंही नाही.

फोन व्हायचा, पण फोनवर दोघांचंही गाडं पुढे सरकत नसे. जेवली का विचारलं तर हाव, म्हणजे हो. थंडी आहे का तर हाव. परवा त्यानं विचारलं, घरची आठवण येते का, तर तेही तसंच कोरडं हाव, आणि मग रिना फोन घेऊन बाळाचं सांगू लागली. मुलखाला हाका मारणाऱ्या या माणसाला आपल्या बायकोला "घरी ये" एवढं म्हणता येत नव्हतं. आपण म्हणावं आणि तिनं त्यालाही नुसतं हाव म्हणून तिथंच राहावं, ही त्याला भीती होती.

अशात चामोर्शीच्या अश्विननं स्पर्धेचं काढलं. अश्विनचं गाड्या सजवायचं दुकान आहे आणि हरिदास त्याचं जुनं गिऱ्हाईक. तिथल्या पोरांच्या मंडळानं मोटारसायकलवरच्या साउंडची स्पर्धा ठेवली होती. हरिदासनं आधी हसण्यावारी नेलं. त्या पोरांच्या गाड्यांना रंगीत दिवे, पोटात धडधडणारे मोठाले बॉक्स, त्यांच्यात आपला भोंगा म्हणजे वरातीत नांगर. पण अश्विन म्हणाला की एक फेरी सफाईची आहे. गाडी मैदानाच्या एका टोकाला, आपला जोडीदार दुसऱ्या टोकाला. मनात येईल ते एक वाक्य माईकवर बोलायचं आणि जोडीदारानं ते परीक्षकाला जसंच्या तसं सांगायचं. त्यात तुझ्यासमोर कोण टिकते, भाऊ?

जोडीदार हा शब्द ऐकला आणि हरिदासनं होकार देऊन टाकला. बक्षीस गेलं खड्ड्यात. सीताला बोलवायला त्याला कारण मिळालं होतं. त्यानं रिनाला फोन लावून कामाचं म्हणून सांगितलं, की आईशिवाय हे होत नाही, दोन दिवसांसाठी पाठव. जोडीदाराच्या जागी त्यानं सीताचंच नाव दिलं. आणि बोलायचं वाक्यही त्याच दिवशी ठरवून टाकलं. जे फोनवर जिभेवर येत नव्हतं ते माईकवर येईल याची त्याला खात्री होती. माईक हातात असला की हा माणूस वाघाला भीत नाही.

स्पर्धेच्या दिवशी सीताची बस आली तीच उशिरा. अश्विननं परस्पर आपल्या दुकानातल्या माणसाबरोबर तिला मैदानावर आणलं. सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांची रस्त्यावर घरघर, मैदानात पोरांच्या गाड्यांचा दणदणाट, शेजारच्या माणसाचं बोलणं कळत नव्हतं. हरिदासनं काहीतरी विचारलं, तिनं मान हलवली. ती अंगानं जरा भरली होती, केस पुढून पांढरे झाले होते. एका मोठ्या बॉक्ससमोर थबकून तिनं छातीवर हात ठेवला आणि त्या धडधडीला लहान पोरीसारखी हसली. हरिदासला वाटलं, आजचा दिवस आपला आहे.

मोठ्या आवाजाच्या फेरीत तो शेवटून पहिला आला. त्याचं त्याला काहीच वाटलं नाही. सफाईच्या फेरीला पोरांची मात्र फजिती झाली. त्यांच्या गाड्यांवर माणसाचं बोलणं म्हणजे रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं येत होतं. एकाचा जोडीदार तर भलतंच गाव सांगून बसला. मग हरिदासचं नाव पुकारलं.

मैदानाच्या पलीकडच्या टोकाला सीता उभी राहिली. तिच्याशेजारी परीक्षक वामनराव, मूल गावचे मंडप-डेकोरेशनवाले. हरिदासनं सवयीनं गाडी पाठमोरी लावली आणि भोंगा तिच्याकडे आला. त्याची बोलायची एक रीत आहे. माईक तोंडाशी न्यायचा, पोटभर श्वास घ्यायचा आणि मगच बटण दाबायचं, म्हणजे गावाला आपली धाप ऐकू जात नाही. तसा त्यानं माईक तोंडाशी नेला.

तिकडे सीताचा हात वर झाला.

बटण दाबलं नव्हतं. भोंगा मुका होता. हरिदासनं एकदा बटणाकडे बघितलं, पण घेतलेला श्वास तर बाहेर पडायलाच हवा होता. त्यानं बटण दाबलं आणि ठरवलेलं वाक्य, हरवलेल्या माणसाची मुनादी करतात त्या चालीवर, सोडून दिलं.

"आयका हो आयका. सीताबाई हरिदास निमगडे जिथं असंल तिथून घरी यावं. घरचा मानूस वाट पाहून राह्यला आहे."

शब्द न् शब्द सुटा गेला. क्षणभर मैदान गप्प झालं आणि मग पोरांनी शिट्ट्यांनी ते डोक्यावर घेतलं. चहावाल्याच्या बाकावरल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. वामनरावही हसत सीताकडे वळले आणि त्यांनी तिच्यापुढे माईक धरला. सीतानं तो नीट धरला, पदर सारखा केला आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, "आयका हो आयका. आज रातच्याला नाटक आहे. समद्यानं यावं अन् येताना चटई आनावी."

आता मात्र हसण्याला धरबंध राहिला नाही. लोकांना वाटलं, बाईनं नवऱ्याची काय जिरवली. पण तेवढी एकच ओळ तिला पाठ होती. आयुष्यभर धुऱ्यावर उभं राहून तिनं तीच ऐकली होती. सगळं मैदान ज्या हाकेला टाळ्या वाजवत होतं ती हाक जिला मारली होती तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. हरिदासला एटापल्लीकडचा तो म्हातारा आठवला आणि शरमेनं कान गरम झाले. भोंगा तेव्हा खरंच फाटत होता. सीता ऐकून नाही, माईक तोंडाशी गेलेला बघून हात वर करत होती.

माईक हॅण्डलला अडकवून तो मैदान ओलांडून चालत निघाला. सीता त्याच्याकडे आनंदानं बघत होती.

"बराबर सांगतलं ना मी?" तो जवळ येताच तिनं विचारलं.

हरिदास उत्तर द्यायला बोलू लागला, तशी तिची नजर त्याच्या ओठांवर आली. त्यानं तिला दंडाला धरून मंडपाच्या मागं, जरा शांत जागी नेलं, आणि तिच्या कानाला तोंड लावून विचारलं, "कवापासून?"

तिचा चेहरा उतरला. चोरी पकडल्यासारखी ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग हळूहळू सांगू लागली. रिनाला तिनं बजावलं होतं, बाबाला कळू द्यायचं नाही, कारण त्यांचा धंदाच तिच्या कानावर चालत होता. पुण्याला तिचं बरं चाललं होतं. नातवाला बोलता येत नाही आणि आजीला ऐकू येत नाही, तो हात धरून ओढतो आणि ती जाते. तिथं कोणी लाजवत नाही.

"पन झालं कवा? सुरुवात कवा झाली?" त्यानं पुन्हा कानाशी विचारलं.

"ते मले बी नाई सांगता येत," सीता म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तुमी दिवसभर वरडून घरी येत. घसा बसलेला राहे. पानी मांगाचं तं हातानं, भाजी मांगाची तं हातानं. घरात कोनी बोलतच नव्हतं जी. मंग आयकू येत नाई, हे मले कसं समजंल?"

पलीकडे पुढची गाडी सुरू झाली, तिच्या धडधडीनं मंडपाचे बांबू थरथरायला लागले. सीतानं थोडी वाट बघितली.

"भोंग्यात काय म्हनलं होतं तुमी?" ती म्हणाली. "समदे काऊन हासले?"

त्यानं वाकून तिच्या कानाशी तोंड नेलं. जे आत्ताच सगळ्या चामोर्शीला एका दमात सांगून झालं होतं ते त्याच्या घशातून काही केल्या निघेना. ती डोळे मिटून, कान पुढे करून तशीच उभी राहिली होती.