एका हारात दोन पुढारी

मंडळी, आज अड्याळच्या बाजारात माझं डोकं फिरलं.

निवडणुकीत एकमेकांना शिव्या घालणारे दोन विरोधी पक्षांचे पुढारी एकाच जीपमधून आले. दोघांच्या गळ्यात मिळून एकच हार! रेडिओवर ऐकलेलं खरं निघालं, आता ते मिळून सरकार बनवणार.

माझ्याकडे एक बैल, शेजारच्या सुखदेवभाऊकडे एक. दरवर्षी धानाच्या चिखलणीला आम्ही जोडी लावायचो. पण तो दुसऱ्या पक्षाचा. "त्यायच्या सावलीलेही उभे राहू नका," असं त्या दोघांतल्या माझ्या पुढाऱ्यानं प्रचारात भोंग्यावरून सांगितलं आणि आमची जोडी मोडली.

मी भर बाजारात त्याला विचारलं, "भाऊ, आता माह्या बैलानं काय करावं?"

पुढारी हसला. "अरे, ते प्रचारातलं बोलणं होतं. कायले मनावर घेऊन राहिला?"

तसाच सुखदेवभाऊकडे गेलो. त्याचा बैल केव्हाच दुसऱ्याच्या बैलासोबत जुंपलेला.

"उशीर केला गड्या," तो म्हणाला. "आता बैलासंग तुह्या पुढाऱ्यालेच जुंप."

विरोधकांनी एकत्र यावं, खुशाल यावं. पण मग मतं मागताना आम्हाला कशाला तोडलं?

धानाची रोवणी तोंडावर आली आहे. सांगा मंडळी, येईल का तो पुढारी जुंपून घ्यायला?