दुरडीतली एक भाकर

कुर्डूवाडीची गाडी परंड्याच्या स्टँडात लागली, लोक खिडकीतून टोप्या टाकून जागा धरू लागले, आणि भर गर्दीत मायनं मला हाताला धरून बाजूला ओढलं. माझा सदरा वर केला. कमरेचा करदोडा ढिला होऊन पार खाली लोंबत होता. तिनं तो वर घेतला, ढिला भाग चिमटीत धरला आणि करकचून गाठ मारली. मी मिशा फुटलेला बाप्या माणूस, लाजेनं मेलो.

"माय, सोड की गं, लोक बघत्यात!"

"बघू दे," ती म्हणली. "ज्या दिशी ही गाठ सोडावी लागंल, त्या दिशी मला कळंल की माझ्या बापूला पोटभर मिळतंय."

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो, बहात्तरचा दुष्काळ ज्यानं बघितला त्याला ह्या गाठीचा अर्थ सांगायला नको. मायलेकरं आम्ही तलावाच्या कामावर खडी फोडायचो. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकर, ती बी रोज न्हाय. त्या साली मी माणसं वाळताना बघितली. आधी गालफडं बसतात, मग बायांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. पुढं काय होतं ते चौथी नापास असूनबी मला ठाऊक होतं.

पाण्याच्या मुलखात एका सहकारी साखर कारखान्यात मला काम लागलं. आधी गाळपाच्या गव्हाणीत उसाच्या मोळ्या टाकायचं, मग उसाच्या वजनकाट्यावर. तिथं काय कमी? चहात साखर अशी की चमचा उभा राहावा. ऊस, रस, काकवी. लग्न झालं, खोली मिळाली, पोरं झाली. दर दिवाळीला गावी गेलो की पहाटेच्या अंघोळीला माय नवा करदोडा बांधायची, ही आपल्याकडची रीतच. जुना तुटायला आलेला असायचा. ती तो नव्याला लावून बोटांनी मोजायची आणि आळीभर सांगत सुटायची, "औंदा बापू चार बोटं वाढला!" मी छाती काढून चालायचो. माझं पोट म्हणजे आमच्या घराचा सातबारा होता.

खरं सांगतो, ते पोट नुसत्या साखरेचं नव्हतं. मला उरलेलं बघवायचं न्हाय. पोरांच्या ताटातला भात, कढईच्या बुडाचं कालवण, दुरडीतली शेवटची भाकर, सगळं मी पुसून खायचो. भूक असो-नसो. अन्न टाकून दिलं की ते रुसतं, आणि एकदा रुसलं की काय होतं ते मी भोगलेलं.

मग एका हंगामात काट्याच्या पायऱ्या चढताना मला धाप लागायला लागली. गाडीवान टिंगल करायचे. "बापूराव, बैल सोडतो, तुमीच काट्यावर उभं ऱ्हावा, टनाची पावती हुईल!" मी शिव्या हासडायचो. पण छातीत कळ आली तेव्हा कौसल्येनं, म्हणजे माझ्या बायकोनं, हाताला धरून डॉक्टरकडं नेलं. तो म्हणला, वजन उतरवा, न्हायतर हृदयावर येईल. एकदम उपाशी मरू नका, रोजच्या ताटातलं थोडं थोडं कमी करा.

वाळा, असं सांगत होता तो मला. मी चिडून उठलो. तरी भीती होतीच, लेकरं बारकी होती. हट्टाला पेटलो आणि डॉक्टरचं उलटं केलं, दिवसभर पाण्यावर राहिलो. सांज झाली तशी पोटात बहात्तर साल उठलं. सगळी दुरडी मी एकट्यानं संपवली, पोरं बघत बसली.

दुसऱ्या दिवसापासून कौसल्येनं चहातली साखर कणाकणानं कमी केली. मला कळलं तवर कमी गोडाची सवय झाली होती. भात अर्ध्यावर आणला, मूठभर मटकी आणि पालेभाजी वाढवली. बांधावरचा तांदुळजा, पाथरी, जे आपण गावी गरिबीचं म्हणून खायचो, ते ती मुद्दाम हुडकून आणायची. माझी परातीएवढी थाळी माळ्यावर गेली. रस बंद, काकवी बंद. एवढं सगळं मी सोसलं. पण सांजच्याला तिनं मोजून भाकरी केल्या आणि दुरडी रिकामी झाली, तेव्हा मी परत परत तिच्यात हात घालून बघितला.

"कौसल्ये, उद्याला काय?"

"उद्याला पीठ हाय की डब्यात. बघा तरी."

"पीठ नगं दावू मला. भाकर कुठंय?"

तिनं उठून परत चूल पेटवली, एक भाकर थापली आणि फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवली. म्हणली, "ही कुणी खायची न्हाय. तुमी बी न्हाय. सकाळी न्याहारीला कुस्करू. पर रातभर ती तिथंच ऱ्हाईल."

त्या दिवसापासून मला ताटावरून उठता येऊ लागलं. मनात चलबिचल झाली की जायचं, फडकं उचलून बघायचं. हाय का? हाय. झालं. पोरांच्या ताटातलं खायचं बंद केलं, पोरंच आता आधी कमी वाढून घ्यायची. वर्षभरात धाप गेली. मला पायऱ्या चढताना बघून गाडीवानांची तोंडं बंद झाली.

पण करदोडा ढिला झाला होता आणि दिवाळी जवळ आली होती.

कुर्डूवाडीपासून परंड्यापर्यंत मी सदरा खाली ओढत बसलो. जाड दिसावं म्हणून सदऱ्याखाली दोन बंड्या चढवल्या होत्या. कौसल्या म्हणली, "अंघोळीला काय करताल?"

पहाटे माय तेल लावायला बसली. उघड्या पाठीवरून तिचा हात कमरेवर आला आणि तिथंच थांबला. करदोडा तिच्या बोटात सैल आला. तिनं ढिला भाग चिमटीत धरला आणि गाठ मारली, तशीच, परंड्याच्या स्टँडवर मारली होती तशी. मग कानाशी येऊन म्हणली, "काम गेलं व्हय रं?"

"न्हाय गं माय. डाक्टरनं सांगितलंय."

"डाक्टरनं बहात्तर बघितलंय का?"

मी किती सांगितलं. तिला पटेना. चार दिवस ती जेवली न्हाय धड, "लेकरू उपाशी, मी कशी गिळू," म्हणायची. आम्ही निघालो तशी शाळू ज्वारीचं गाठोडं डोक्यावर घेऊन तीच गाडीत चढून बसली.

आमच्या खोलीवर आली. पिठाचा डबा बघितला, तरी तोंड तसंच पडलेलं. सांजच्याला सगळे जेवलो, हात धुतले. माय दुरडीपाशी गेली, फडकं उचललं.

"ही कुणाची?"

"कुणाचीच न्हाय, आत्याबाई," कौसल्या म्हणली. "ती ऱ्हाती."

मायनं माझ्याकडं बघितलं, पोरांकडं बघितलं. कुणी त्या भाकरीला हात लावतंय का, वाट बघत बसली. पोरं खेळायला गेली. मी बिडी पेटवली. सकाळी उठून ती पहिली दुरडीपाशी गेली. भाकर होती.

मला म्हणली, "हिकडं ये. सदरा वर कर." गाठ सोडवली. जास्तीचा दोरा विळीवर धरून कापला, तुकडा चुलीत टाकला आणि कमरेच्या मापात सरळ बांधला. "भुकंनं वाळलेल्याला गाठ मारत्यात," म्हणली. "तुझं माप बदललंय. आन कौसल्ये, वाईच कमी साखरंचा च्या मला बी दे."

माय जाऊन आता लई वर्षं झाली. मी पोराकडं राहतो. फ्रीज गच्च भरलेला, तरी सांजच्याला मी सूनबाईला एक भाकर फडक्यात ठेवायला लावतो. "मामंजी, शिळी कोण खाणार?" ती म्हणते. गाव विचारलं की मी अजून परंड्याकडचं सांगतो. पण घर कुठलं म्हणाल, तर सगळ्यांचं जेवण होऊन जिथं एक भाकर उरते ते. झोपायच्या आधी मी जातो, फडकं उचलून बघतो. हाय का?

हाय.