मल्लिनाथदादांचा आवाज परत आणणारे अंबादासअण्णा

गौरवग्रंथासाठी लेख पाठवायला फार उशीर झाला, याबद्दल गौरव समितीची माफी मागतो. चार वेळा लिहून फाडला. मी सातवीपर्यंत शिकलेला. त्यात खरं लिहायची भीती वाटते, आणि खोटं अण्णांना चालत नाही.

अंबादासअण्णा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांची पहिली भेट मोडनिंबच्या एका लग्नात झाली. आमच्या ऑर्केस्ट्रात मी ढोलक वाजवत असे आणि माझे थोरले बंधू मल्लिनाथदादा इलेक्ट्रिक गिटार. ऐन गाण्यात दादांच्या गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प बंद पडला. पंगतीतून एक गृहस्थ उठले, हात धुऊन आले आणि त्यांनी तो उघडून दुरुस्त केला. तेच अण्णा. गाणं सुरू झाल्यावरच ते परत पानावर बसले.

दादा जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी वहिनींनी अण्णांना दादांच्या गिटारची जुनी कॅसेट दिली. म्हणाल्या, "ह्यो आवाज एकदा समोर ऐकायचाय." अण्णांनी शब्द दिला. दीड महिना ते आमच्या घरी येत होते. दादांचीच गिटार, नव्या तारा, ॲम्पचा ट्रेबल चढवलेला, मधे आवाजाचा पोत बदलणारी कॉम्प्रेसर आणि कोरसची पेडलं. मला आवाज तोच वाटे. अण्णा नाही म्हणून मान हलवत.

"जवळ आलाय की," मी म्हणालो.

"कुंभारी पण सोलापूरच्या जवळच हाय की. तुमी कुंभारीला उतरून घरी आलो म्हणता व्हय?"

कॅसेटमध्ये सुरांमागे घुंगरांसारखी बारीक छणछण होती. ती कुठल्याच पेडलमधून येईना. शेवटी अण्णांनी विचारलं, "हे कॅसेटमधी भरलं कुटं होतं?"

घरामागे, कापड विणायच्या मागांच्या शेडमध्ये. शेड आता बंद आहे, पण चार माग तसेच उभे आहेत. अण्णांनी ॲम्प आत नेला, गिटारची एक तार छेडली, आणि मागांतल्या धागे ओवायच्या शेकडो बारीक तारा एकदम थरथरल्या. तोच आवाज. अण्णांनी तळहात ठेवून गिटार गप्प केली. मागांच्या तारा मात्र वाजत राहिल्या. थांबल्या त्या दादा थांबत तशा, समेच्या किंचित आधी.

"आले," वहिनी म्हणाल्या.

अण्णांनी यश मिरवलं नाही. तेव्हाच गिटार, ॲम्प, पेडलं उचलून स्वतःच्या घरी नेली. वहिनींच्या जिवाची काळजी त्यांना माझ्या आधी वाटली.

तरी शेड रोज दुपारी वाजते. वारा नसतो. वहिनी आत बसून असतात. जेवायला हाक मारली तर म्हणतात, "गाणं संपू दे की." आठवडाभर त्या नुसत्या चहावर आहेत. मी मागांच्या तारा काढायला गेलो, तर म्हणाल्या, "भावाचा हात धरतोस व्हय?"

अण्णा, आपल्याला उदंड आयुष्य लाभो, कान असेच तल्लख राहोत, हात स्थिर राहोत. सत्काराला मला येता येणार नाही, घर सोडवत नाही. समितीला विनंती, ग्रंथ छापायची वाट न पाहता हा कागद अण्णांना वाचून दाखवावा. वहिनी माझं ऐकत नाहीत, अण्णांचं ऐकतील. कालपासून वहिनी शेडचं दार आतून लावून घेतात. अण्णा, कधी येता ते लवकर कळवा.